बटण साधे की ‘स्मार्ट’?

घराचे नूतनीकरण निघाले की फरशी, ओटा, रंग आणि कपाटे यांवर महिना-महिना चर्चा होते. विजेच्या बटणांचा विषय मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात, ‘कोणती बटणे आणू?’ असे विचारत वायरमन दारात उभा राहिल्यावर निघतो. पूर्वी हा प्रश्न रंग आणि कंपनी यांपुरता मर्यादित असे. आता फोनवरून, आवाजाने किंवा ठरवलेल्या वेळी आपोआप चालू-बंद होणारे ‘स्मार्ट’ स्विच दुकानांतून, ऑनलाइन बाजारातून आणि नव्या गृहप्रकल्पांच्या माहितीपुस्तिकांतून सर्वत्र दिसू लागले आहेत. पुनर्विकासात नवे घर मिळणाऱ्या कुटुंबांना तर ‘होम ऑटोमेशन’ ही सोय लिफ्ट आणि पार्किंगच्या बरोबरीने सांगितली जाते.

वरकरणी हा हौसेचा प्रश्न वाटतो. परंतु एकदा भिंतीत बसवलेली विजेची फिटिंग पंधरा-वीस वर्षे सहसा कोणी बदलत नाही. हातातला फोन मात्र तीन-चार वर्षांत जुना होतो. स्मार्ट स्विच ही या दोन जगांच्या सीमेवरची वस्तू आहे. ती बसते भिंतीत, पण तिचे आयुष्य ठरते फोन, ॲप आणि ते ॲप चालवणाऱ्या कंपनीवर. त्यामुळे खरेदीपूर्वी दोन्ही प्रकारच्या स्विचचे काम, त्यांच्या गरजा आणि मर्यादा समजून घेणे आवश्यक ठरते.

साधे बटण काय करते?

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असते. दिव्यापर्यंत दोन तारा जातात : वीज आणणारी फेजची आणि परतीच्या मार्गाची न्यूट्रलची. साधा स्विच यांपैकी केवळ फेजची तार जोडतो किंवा तोडतो. आत धातूची दोन संपर्कटोके आणि एक स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. वीजप्रवाह तुटताना दोन टोकांमध्ये ठिणगी उडते आणि ती जितका वेळ टिकेल तितकी टोके जळत जातात. म्हणूनच स्प्रिंगच्या जोरावर संपर्क झटक्यात तोडणारी रचना महत्त्वाची ठरली. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे अभियंता जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये अशी रचना सिद्ध केली. बटण दाबताना येणारा ‘खट्’ असा आवाज या झटक्याचाच असतो आणि आपल्याकडच्या ‘खटका’ या शब्दाचे मूळही त्या आवाजातच आहे.

काळे बेकेलाइटचे गोल खटके, त्यानंतर लाकडी बोर्डावरची पांढरी बटणे आणि आता भिंतीत सपाट बसणारी मॉड्युलर बटणे असा बाह्यरूपाचा प्रवास झाला, तरी आतले तत्त्व बदललेले नाही. घरगुती स्विचसाठी ‘आयएस ३८५४’ हे भारतीय मानक आहे आणि २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे अशा स्विचवर मानक चिन्ह असणे बंधनकारक झाले. घरात प्रामुख्याने दोन क्षमतांचे स्विच वापरतात. सहा अँपिअरचा स्विच दिवे-पंख्यांसाठी असतो. त्यावर सुमारे १,३८० वॅटपर्यंतचा भार चालतो. गीझर, वातानुकूलन यंत्र यांसाठी १६ अँपिअरचा स्विच लागतो. त्याची मर्यादा सुमारे ३,६८० वॅट आहे.

साध्या स्विचला स्वतःला चालण्यासाठी वीज लागत नाही, त्याला पासवर्ड नसतो आणि तो बिघडला तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेला दुसरा स्विच दहा मिनिटांत बसतो. घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या पाहुण्यालाही तो कसा वापरायचा हे सांगावे लागत नाही. कोणत्याही पर्यायाची तुलना या गुणांशी व्हायला हवी.

‘स्मार्ट’चे तीन प्रकार

बाजारात ‘स्मार्ट’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात आणि ग्राहकाचा पहिला गोंधळ तेथेच होतो.

पहिला प्रकार स्मार्ट बल्बचा. येथे बुद्धी दिव्यात असते. भिंतीवरचे बटण जुनेच राहते. रंग आणि प्रकाशाची तीव्रता बदलता येते, वायरमनची गरज लागत नाही आणि घर सोडताना बल्ब काढून नेता येतो. मात्र घरातल्या कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की बल्बचा वीजपुरवठाच तुटतो आणि फोनवरून कितीही आज्ञा दिल्या तरी तो पेटत नाही. शिवाय अनेक बल्ब गेलेली वीज परत आल्यावर आपोआप पूर्ण प्रकाशाने पेटतात. मध्यरात्री वीज जाऊन पहाटे तीनला आली, तर झोपेतले सगळे घर उजळून निघते. ज्या बल्बमध्ये ‘वीज आल्यावर पूर्वीचीच स्थिती ठेवा’ अशी सोय आहे, तेच घेणे श्रेयस्कर.

दुसरा प्रकार बटणामागे बसणाऱ्या छोट्या मॉड्यूलचा. भिंतीवरची बटणे जशीच्या तशी राहतात. त्यांच्यामागे, बोर्डाच्या पेटीत काड्यापेटीएवढे उपकरण जोडले जाते. दिवा भिंतीवरच्या बटणानेही लागतो आणि फोननेही. या रचनेत बटणाची ‘वर’ आणि ‘खाली’ ही स्थिती दिव्याच्या अवस्थेशी नेहमी जुळत नाही, एवढी गोष्ट अंगवळणी पाडून घ्यावी लागते.

तिसरा प्रकार काचेच्या टच पॅनेलचा. येथे जुना बोर्ड काढून त्या जागी स्पर्शाने चालणारी पाटी बसते. ती देखणी दिसते, परंतु चारही बटणे एकाच इलेक्ट्रॉनिक पाटीवर असल्याने एक बिघडले तर बहुधा सबंध पाटीच बदलावी लागते. अंधारात बोटांनी चाचपून बटण ओळखण्याची सवय असलेल्या ज्येष्ठांना आणि दृष्टी अधू असलेल्यांना सपाट काच अडचणीची ठरते. ओल्या हातांचा वावर असलेल्या स्वयंपाकघरातही तिचा विचार जपून करावा.

भिंतीमागचा प्रश्न

खरेदीनंतर सर्वाधिक अडचण येते ती न्यूट्रलच्या तारेची. साध्या बटणाला फेज पुरते. स्मार्ट स्विचच्या आत मात्र एक छोटे वीजपुरवठा यंत्र, प्रोसेसर आणि रेडिओ असतो. दिवा बंद असतानाही आज्ञेची वाट पाहत हे भाग जागे असावे लागतात. त्यासाठी बोर्डात फेजबरोबर न्यूट्रलही असावा लागतो.

भारतीय घरांची एक सोय अशी की बहुतेक बोर्डांवर बटणांच्या शेजारी प्लगसाठी सॉकेट असते आणि सॉकेटसाठी न्यूट्रल आलेलाच असतो. तथापि न्हाणीघराबाहेरचा बोर्ड, जिन्यातले बटण, पलंगाशेजारचे एकटे बटण अशा ठिकाणी जुन्या फिटिंगमध्ये न्यूट्रल सहसा नसतो. तेथे ‘न्यूट्रलशिवाय चालणारा’ स्मार्ट स्विच सुचवला जातो. तो दिवा बंद असतानाही दिव्यामधून अतिशय थोडा प्रवाह वाहू देऊन स्वतःची गरज भागवतो. पूर्वीच्या तारेच्या बल्बला याचा पत्ता लागत नसे. कमी वॅटचे एलईडी दिवे मात्र एवढ्याशा प्रवाहानेही मंद लुकलुकत राहतात. त्यावर दिव्याला समांतर एक कपॅसिटर जोडण्याचा उपाय आहे, पण तो उपाय करावा लागणार हे आधी माहीत असलेले बरे.

काही वेळा वायरमन शेजारच्या खोलीतल्या सर्किटचा न्यूट्रल उसना आणतात. घरात गळती-प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी असेल आणि त्या दोन सर्किटांना वेगवेगळे आरसीसीबी असतील, तर एकातून गेलेला प्रवाह दुसऱ्यातून परततो आणि दोन्ही उपकरणांना ती गळती वाटते. मग वीज वारंवार तुटते. कंटाळून आरसीसीबीच काढून टाकणे हा त्यावरचा सर्वांत घातक ‘उपाय’ होय, कारण विजेच्या धक्क्यापासून माणसाचा जीव वाचवणारे उपकरण तेच आहे.

पेटीची खोली आणि तिचा धातू हेही पाहावे लागते. जुन्या घरांतील उथळ पेट्यांत मॉड्यूल कोंबले की तारा दाबल्या जातात व उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. लोखंडी पेटीत व काँक्रीटच्या भिंतीआड वाय-फायचा संदेशही क्षीण होतो. बहुसंख्य वाय-फाय स्विच २.४ गिगाहर्ट्झ लहरींवरच चालतात. दिवाणखान्यातल्या राउटरचा आवाका मागच्या बाल्कनीपर्यंत पोहोचतो की नाही, हे फोन हातात घेऊन फिरल्यावर पाच मिनिटांत कळते. जिन्याला खाली-वर दोन्हीकडून लागणारा ‘टू-वे’ दिवा असेल तर त्याची जोडणी निवडलेल्या मॉड्यूलला चालते का, हे स्वतंत्रपणे विचारावे.

भाराची क्षमता हा आणखी एक मुद्दा. चार बटणांच्या मॉड्यूलवर लिहिलेला एकूण भार आणि प्रत्येक बटणाचा भार हे वेगळे असतात. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांसाठीच्या मॉड्यूलवर तो जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यंत्र यांच्या मोटारी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचतात. त्यांच्यासाठी खास त्या भाराचा स्विच किंवा कॉन्टॅक्टर लागतो.

पंख्याचेही गणित तपासून घ्यावे. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे नेहमीच्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात. त्यांचा वेग त्यांच्या स्वतःच्या रिमोटने बदलतो. अशा पंख्यासाठी स्मार्ट रेग्युलेटर असलेले महागडे पॅनेल घेतल्यास तो खर्च वाया जातो.

वीज खरेच वाचते का?

‘विजेची बचत’ हा स्मार्ट स्विचच्या जाहिरातीतील ठळक शब्द. त्याचा हिशेब घरबसल्या करता येतो.

एलईडीचा सर्वसामान्य बल्ब नऊ वॅटचा असतो. समजा, तो रोज दोन तास विनाकारण जळत राहिला. वर्षभरात त्याने ६.६ युनिट वीज वाया घालवली. असे आठ दिवे रोज विसरले गेले तरी वर्षाचा अपव्यय सुमारे ५३ युनिट होतो. आता दुसरी बाजू. चोवीस तास जागे असलेले एखादे मॉड्यूल एक वॅट वीज घेत असेल, तर वर्षाला तेच ८.८ युनिट घेते. घरातल्या आठ बोर्डांवर अशी आठ मॉड्यूल बसवली, तर वर्षाला सुमारे ७० युनिट वीज निव्वळ ‘वाट पाहण्यात’ खर्च होते. अर्ध्या वॅटचे चांगले उपकरण निवडले, तरी हा आकडा ३५ युनिटच्या खाली जात नाही. राउटर रात्रंदिवस चालू ठेवण्याचा खर्च निराळाच.

म्हणजेच केवळ दिव्यांपुरते पाहिले तर बचत नाममात्र आहे किंवा मुळीच नाही. याचे कारण स्विचमध्ये नसून दिव्यात आहे. साठ वॅटच्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी आला तेव्हाच दिव्यांवरची मोठी बचत होऊन गेली. केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाल्यानंतर हे दिवे घरोघर स्वस्तात पोहोचले. आता उरलेल्या नऊ वॅटमधून वाचवण्यासारखे फारसे काही शिल्लक नाही.

याउलट ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसवला आणि तो रोज दहा तास चालला, तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १६४ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये दर धरल्यास ही रक्कम सोळाशे रुपयांच्या वर जाते. विजेचे बिल कमी करणे हाच हेतू असेल तर स्विचसाठी ठेवलेले पैसे आधी पंख्यांवर खर्च करणे हिताचे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाले असल्याने ही निवडही सोपी झाली आहे.

गीझरची बाब थोडी वेगळी आहे. पंधरा लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवण्यास दोन हजार वॅटच्या गीझरला साधारण १६ मिनिटे लागतात. त्यानंतर तो चालू राहिला तर आतले तापमान टिकवण्यासाठी अधूनमधून वीज घेत राहतो. ठरावीक वेळी सुरू होऊन अर्ध्या तासात आपोआप बंद होणारा १६ अँपिअरचा स्विच येथे उपयोगी पडतो, आणि ‘गीझर बंद केला का?’ ही धावपळीच्या सकाळची चिंताही मिटते. मात्र हेच काम इंटरनेटशी संबंध नसलेला साधा टायमरही करतो. विसराळूपणावर तर तांबडा दिवा दाखवणारा इंडिकेटरचा स्विच हा सर्वांत स्वस्त उतारा आहे.

इंटरनेट गेले तर?

फोनवर बोट टेकल्यापासून समोरचा दिवा लागेपर्यंत आज्ञेचा मार्ग कसा असतो, हे ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. अनेक वाय-फाय स्विचमध्ये ती आज्ञा घराच्या राउटरमधून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून परत त्याच घरात येते. हा सर्व्हर दुसऱ्या शहरात किंवा परदेशातही असू शकतो. इंटरनेट बंद पडले, राउटरला वीज नसली किंवा सर्व्हर कोलमडला तर हा मार्ग तुटतो. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला, तेव्हा जगभरातील असंख्य ॲपसोबत ‘अलेक्सा’ही विस्कळीत झाली होती. त्या दिवशी केवळ आवाजावर अवलंबून असलेल्या घरांत दिवे लावण्यासाठी पुन्हा भिंतीकडेच जावे लागले.

सेवा कायमची बंद होण्याचा धोका त्याहून गंभीर आहे. गुगलच्या समूहातील ‘नेस्ट’ने विकत घेतलेल्या ‘रिव्हॉल्व्ह’ या कंपनीचे घरगुती नियंत्रण यंत्र मे २०१६ मध्ये सेवा बंद झाल्याने निरुपयोगी ठरले. अमेरिकेतील ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. काही आठवड्यांनी नव्या मालकांनी ते पुन्हा सुरू केले, पण तोवर ग्राहकांचे ॲप मृतवत होते. ‘बेल्किन’ने जुलै २०२५ मध्ये आपल्या ‘वीमो’ मालिकेतील बहुतेक उपकरणांची ॲप व क्लाउड सेवा ३१ जानेवारी २०२६ पासून थांबवण्याचे जाहीर केले. इन्स्टिऑनच्या प्रसंगात एक गोष्ट मात्र निभावून नेणारी ठरली. त्यांचे भिंतीवरचे स्विच हाताने चालतच राहिले, त्यामुळे ॲप गेले तरी घरे अंधारात बुडाली नाहीत.

यातून निवडीची पहिली कसोटी मिळते. फोन, राउटर आणि इंटरनेट हे तिन्ही बंद असताना भिंतीवरचे बटण दाबून दिवा लागलाच पाहिजे. दुसरी कसोटी ही की घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरशिवाय उपकरणे एकमेकांशी बोलू शकतात का. ‘झिगबी’सारख्या पद्धतीत घरातले एक छोटे केंद्रयंत्र हे काम करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘मॅटर’ हे सामाईक मानकही स्थानिक नियंत्रणावर आधारलेले असून ॲमेझॉन, ॲपल, गुगल आणि सॅमसंग यांचा त्याला पाठिंबा आहे. असे मानक पाळणारा स्विच एका कंपनीच्या ॲपला जखडलेला राहत नाही. उद्या ती कंपनी बाजारातून गेली तरी दुसऱ्याच्या ॲपमधून तो चालवता येण्याची शक्यता राहते.

सुरक्षिततेचा मुद्दाही दुर्लक्षण्याजोगा नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले व त्यांच्या साह्याने मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून अशा सामाईक पासवर्डवर बंदी घातली आणि सुरक्षा सुधारणा किती काळ मिळतील हे जाहीर करणे उत्पादकांना बंधनकारक केले. भारतातील ग्राहकानेही दुकानदाराला हाच प्रश्न विचारावा : या स्विचला किती वर्षे सुधारणा मिळणार? घरातील दिवे केव्हा लागतात आणि केव्हा मालवतात, या नोंदीवरून कुटुंब केव्हा घराबाहेर असते हे कळू शकते. त्यामुळे ही माहिती कोणाकडे साठते, हे पाहण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

घर सगळ्यांचे

दिवा हा घरातला प्रत्येक जण वापरतो. ॲप मात्र बहुधा एकाच्याच फोनमध्ये असते. तो एक जण दौऱ्यावर गेला, त्याचा फोन हरवला किंवा त्याने पासवर्ड बदलला, तर मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न बोर्ड बसवण्याआधी विचारला जावा. घरी येणाऱ्या कामवाल्या बाई, दुपारी एकटी असणारी शाळकरी मुले, आठवडाभरासाठी गावाहून आलेल्या आत्या किंवा मामा यांना ॲप न शिकवता दिवा लावता आला पाहिजे. घर भाड्याने देताना किंवा विकताना खात्याचा ताबा रीतसर सोडणे तितकेच आवश्यक आहे. अन्यथा जुन्या मालकाच्या फोनवर नव्या कुटुंबाचे दिवे दिसत राहतात. घरात कलह असेल तर एकाच्या हाती असलेले हे नियंत्रण दुसऱ्याच्या छळाचे साधनही होऊ शकते. म्हणून निदान दोन प्रौढ व्यक्तींकडे समान अधिकार असावेत.

ज्येष्ठांच्या बाबतीत या तंत्राची दोन्ही रूपे दिसतात. रात्री उठून अंधारात बटणापर्यंत चालत जाताना पडणे हा वृद्धापकाळातला मोठा धोका. अंथरुणातूनच आवाजाने किंवा उशाशी ठेवलेल्या छोट्या बिनतारी बटणाने दिवा लागला तर हा धोका टळतो. पक्षाघातामुळे किंवा संधिवातामुळे हालचाल मर्यादित झालेल्या व्यक्तीला पंखा-दिवा स्वतः लावता येणे म्हणजे दर वेळी कोणाला हाक मारण्यापासून सुटका. येथे स्मार्ट स्विचची किंमत रुपयांत मोजणे अयोग्य ठरेल. परंतु त्याच व्यक्तीसाठी, इंटरनेट नसताना न चालणारा दिवा हा साध्या दिव्याहूनही धोकादायक असतो, कारण दिवा लागेल या भरवशावर ती उठलेली असते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर हालचाल ओळखून आपोआप लागणारा कमी वॅटचा सेन्सर दिवा बसवल्यास हा प्रश्न फोनशिवाय आणि अत्यल्प खर्चात सुटतो.

सेन्सरचे हे उदाहरण मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. पलंगाशेजारी ‘टू-वे’ बटण, दारापाशी सगळे दिवे एकदम मालवणारे एक मुख्य बटण, संध्याकाळी आपोआप लागणारा अंगणातला दिवा, जिन्यातला सेन्सर, गीझरचा टायमर या सोयी चांगल्या वायरिंगने आणि साध्या उपकरणांनी मिळतात. त्यांना ॲप लागत नाही. त्या विचारात घेतल्यावर स्मार्ट स्विच खरोखर हवा अशा जागा मोजक्याच उरतात : दीर्घकाळ बंद राहणारे घर, जेथे संध्याकाळी दिवे लागलेले दिसणे सुरक्षिततेचे असते, वृद्ध किंवा आजारी व्यक्तीची खोली, दूरवरून पाहायचा गीझर किंवा पंप, आणि ज्यांना प्रकाशाची खरोखर हौस आहे त्यांचा दिवाणखाना. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना आणि दारातला दिवा येथे साधे बटण असणेच बरे.

खर्च आणि करार

सहा अँपिअरचे चांगल्या प्रतीचे मॉड्युलर बटण साधारणतः शंभर रुपयांच्या आत-बाहेर मिळते. चार बटणांचे स्मार्ट मॉड्यूल काही हजारांत जाते आणि काचेचे पॅनेल त्याहून महाग पडते. सबंध घर एकदम ‘स्मार्ट’ करण्याऐवजी एका खोलीत एक मॉड्यूल बसवून दोन-तीन महिने वापरून पाहावे. पावसाळा मध्ये आला तर उत्तमच. विजेचे जाणे-येणे आणि दाबातील चढउतार यांची परीक्षा त्यात आपोआप होते. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर जोडलेला असावा आणि मॉड्यूल इन्व्हर्टरच्या विजेवरही नीट चालते का, हे पडताळावे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार, घरातील वीजजोडणीत भर घालणे किंवा फेरफार करणे हे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत व्हायला हवे. जोडणीची क्षमता व स्वरूप न बदलता केवळ बटण, दिवा वा पंखा बदलण्याला त्यातून सूट आहे. बटणामागे नव्या तारा ओढून मॉड्यूल बसवणे हे निव्वळ बटण बदलणे नव्हे, हे ध्यानात ठेवून जाणत्या माणसाकडूनच ते करून घ्यावे आणि कोणती तार कोठे जोडली याचा आराखडा कागदावर घ्यावा. पाच वर्षांनी येणारा वायरमन दुसराच असेल.

विकासकाकडून ‘स्मार्ट होम’ मिळणार असेल तर माहितीपुस्तिकेतील छायाचित्रावर विसंबून राहू नये. कोणते उपकरण, किती बोर्डांवर, कोणाच्या हमीवर, ॲपला वार्षिक शुल्क आहे का, या गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामाचे व कामाच्या दर्जाचे दोष विकासकाने विनामूल्य दूर करायचे असतात. लेखी तपशील असल्यास तक्रारीला आधार मिळतो.

ज्यांचा निर्णय अद्याप झालेला नाही, त्यांच्यासाठी एक काम मात्र आजच करण्याजोगे आहे. भिंती फोडलेल्या असतानाच प्रत्येक बोर्डाच्या पेटीपर्यंत न्यूट्रलची तार न्यावी, पेट्या खोल घ्याव्यात आणि नळीतून पुढे आणखी एक तार ओढता येईल एवढी जागा सोडावी. नूतनीकरणाच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ असते. भिंती रंगवून झाल्यावर तेच काम करायचे म्हटले तर पुन्हा छिन्नी-हातोडा घेऊन बसावे लागते. एवढी पूर्वतयारी असली की आज साधी बटणे बसवूनही उद्या विचार बदलण्याची मुभा राहते, आणि आज स्मार्ट स्विच बसवले तरी ते कालबाह्य झाल्यावर साध्या बटणांकडे परतण्याची वाट मोकळी राहते.